समवर्तीच्या वाटेनें

अमरकोशांत यमाला जीं नांवें दिलीं आहेत त्यांत ‘समवर्ती’ हें एक आहे. सर्वांशीं सारखा वागतो तो समवर्ती. पस्तीस वर्षें संस्कृत शिकवितांना हा शब्द मीं किती वर्गांना सांगितला असेल याची गणती नाहीं. राव असो कीं रंक, यमाच्या दारीं भेदभाव नाहीं, एवढें सांगून मी पुढच्या शब्दाकडे वळत असें, आणि मुलेंहि तें निमूटपणें उतरून घेत. या अर्थाविषयीं शंका घेणारा पहिला विद्यार्थी मला सेवानिवृत्तीनंतर भेटला, आणि तोहि घरांतच.

२०२० सालच्या टाळेबंदींत वर्तमानपत्रांतून रोज जिल्हावार आंकडे येत. माझा दहा वर्षांचा नातू ते आंकडे पाहून एका कोऱ्या नकाशांत रंग भरीत बसे. जेथें मृत्यु अधिक तेथें गडद, जेथें कमी तेथें फिकट. महाराष्ट्राचा आंकडा देशांत सर्वांत मोठा, म्हणून आपलें राज्य सर्वांत काळपट दिसूं लागलें होतें. एके दिवशीं त्यानें विचारलें, “आजोबा, रोग हवेंतून पसरतो ना? हवा तर सगळीकडे आहे. मग सगळा नकाशा एका रंगाचा कां होत नाहीं?” मीं दाट वस्ती, लांबचें रुग्णालय, नोंदणींतील चुका अशीं दोनचार कारणें सांगितलीं. त्याचें समाधान झालें. माझें झालें नाहीं.

त्या रात्रीं मला आजीची आठवण झाली. १९१८ सालची ‘मानमोडी’ तिनें वयाच्या दहाव्या वर्षीं पाहिली होती. इन्फ्ल्युएंझा हा शब्द तिच्या जिभेवर कधीं बसला नाहीं. तापांत मान धरवत नसे, म्हणून मानमोडी. “त्या वर्षीं कुणाकडे घट बसले नाहींत, घरोघर सुतक,” असें ती सांगे. आम्हां मुलांना ती अतिशयोक्ति वाटे. पुढें वाचन वाढल्यावर कळलें कीं, आजीनें कांहीं वाढवून सांगितलें नव्हतें. त्या एका साथींत हिंदुस्थानांत किती माणसें गेलीं याचे अंदाज एक कोटि वीस लाखांपासून एक कोटि ऐशी लाखांपर्यंत आहेत. लहानांतला लहान अंदाज धरला तरी पहिल्या महायुद्धांत सर्व राष्ट्रांचे मिळून जेवढे सैनिक पडले त्यांहून हे मृत्यु अधिक, आणि बहुतेक सारे दोनतीन महिन्यांतले. परंतु मला अधिक विस्मय वाटला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मुंबई इलाख्यांत दर हजारीं पन्नासांच्या आसपास माणसें दगावलीं, मध्यप्रांत व वऱ्हाडांत त्याहूनहि अधिक. मद्रास इलाख्यांत मात्र हजारीं वीसांच्या आंत, आणि बंगाल्यांत दहाच्या आसपास. एकच ताप, एकच वर्ष, एकच सरकार. मग पश्चिमेकडे यमाचा हात एवढा जड कां, आणि पूर्वेकडे तोच एवढा हलका कां?

माझा पुतण्या कलकत्त्यास, म्हणजे आतांच्या कोलकात्यास, एका जहाजकंपनींत नोकरीस आहे. त्याचें बोलावणें बरेच दिवसांचें होतें. गेल्या आश्विनांत दसरा आटोपल्यावर आम्हीं उभयतांनीं जाण्याचें ठरविलें. विमानानें जा, असा मुलाचा आग्रह. परंतु मीं आगगाडीचाच हट्ट धरला. १९१८ सालीं तो ताप मुंबईच्या बंदरांत उतरून आगगाडीच्या रुळांवरूनच देशांत शिरला होता. त्याच ऋतूंत, त्याच वाटेनें, मुंबईपासून हावड्यापर्यंत एकदां डोळ्यांनीं पाहून यावें असें मनानें घेतलें. वाचलेले आंकडे एका वहींत उतरून ती वही पिशवींत टाकली आणि निघालों.

गाडी पहांटेची होती, म्हणून आदल्या दिवशीं मुंबईस मुक्काम केला व सायंकाळीं बॅलार्ड पियरच्या बाजूस फिरावयास गेलों. गोदीच्या भिंतीपलीकडे याऱ्यांचे शेंडे दिसत होते. १९१८ च्या मे महिन्याच्या अखेरीस सैनिक घेऊन एक जहाज या बंदराला लागलें. १० जून रोजीं पोलिसांतील सात शिपाई तापानें रुग्णालयांत दाखल झाले; त्यांपैकीं एक गोदीवर पहाऱ्यास होता. पाठोपाठ गोदींतले मजूर, कचेऱ्यांतले कारकून, गिरण्यांतले कामगार अंथरुणास खिळले. जहाजानें हा रोग मुंबईस आणला कीं मुंबईनें तो जहाजाला दिला, यावर तेव्हांच्या अधिकाऱ्यांत वाद झाला. आजारी माणसाला त्या वादाचा उपयोग शून्य. पहिली लाट तशी सौम्य होती. महिन्याभरांत ती ओसरली आणि शहरानें नि:श्वास टाकला. सप्टेंबरांत तोच ताप परत आला तो वेगळेंच रूप घेऊन. आतां तो विशेषेंकरून वीस ते चाळीस वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या माणसांवर पडूं लागला. फुफ्फुसें भरत आणि तीनचार दिवसांत कारभार आटपे. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं मुंबईंत ७६८ माणसें गेलीं. पंचांगाच्या हिशेबानें पितृपक्ष सरून नवरात्र बसण्याचा तो सुमार. आजीचे न बसलेले घट ते हेच.

पहांटे निघालेली गाडी कसारा घाट चढूं लागली तेव्हां डोंगरावर कोवळें ऊन पसरलें होतें. पाऊस यंदा भरपूर झाला होता. दऱ्यांतून अजून पाणी वाहत होतें. १९१८ सालीं असें नव्हतें. त्या वर्षीं नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानांत साफ फसला. खरीप हातचें गेलें, वैरण मिळेना, युद्धामुळें आधींच चढलेले धान्याचे भाव गरिबाच्या आवांक्याबाहेर गेले. साथ घाटावर चढून आली ती अर्धपोटीं माणसांच्या मुलखांत. शेतांत काम नाहीं म्हणून माणसें गांव सोडून निघत, स्टेशनांवर गर्दी करीत, आणि ताप त्यांच्याबरोबर एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाई. त्यांतच बरेच डॉक्टर युद्धावर गेलेले. उपास, प्रवास आणि वैद्याचा अभाव हीं तीन दारें एकदमच उघडीं पडलीं होतीं.

मनमाड आलें. येथून दौंडास जाणाऱ्या फांट्यावर आमचा अहमदनगर जिल्हा. आतां त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे. १९११ च्या शिरगणतींत या जिल्ह्याची वस्ती साडेनऊ लाखांच्या घरांत होती. १९२१ सालीं ती साडेसात लाखांच्याहि खालीं आली. ही सारी तूट एकट्या मानमोडीची नव्हे. दुष्काळानें देशोधडीस लागलेलीं माणसेंहि त्यांत आहेत. तरी पांचांतला एक माणूस दहा वर्षांत नाहींसा व्हावा ही गोष्ट लहान नाहीं. सबंध हिंदुस्थानच्या शिरगणतीच्या इतिहासांत लोकसंख्या घटल्याचें तें एकच दशक आहे.

भुसावळ मागें पडलें आणि वऱ्हाडची काळी जमीन सुरू झाली. दोहों बाजूंस कपाशी. बोंडें नुकतींच फुटूं लागलेलीं. दुपारीं ऊन इतकें कडक कीं खिडकीच्या गजाला हात लाववेना. अकोला, बडनेरा, वर्धा अशीं स्टेशनें जात होतीं आणि मी मनांत हिशेब करीत होतों. हजारीं पन्नास, म्हणजे वीसांत एक. आमच्या डब्यांत सत्तर माणसें असतील तर त्यांतलीं तीनचार, आणि तींहि बहुधा तरुण. समोरच्या बांकावर एक नवें जोडपें बसलें होतें. त्यांच्याकडे पाहून तो हिशेब मीं पुरा केला नाहीं.

नागपूर सुटल्यावर अंधार पडला आणि हवा एकदम पालटली. आम्ही साध्या शयनयानांत होतों, खिडक्या उघड्या. दुपारीं पंख्याखालीं घामाघूम झालेल्या सौभाग्यवतींनीं शाल काढून पांघरली. मला एकदम वहींतली एक नोंद आठवली. मिल्स नांवाच्या संशोधकानें १९८६ मध्यें या साथीचा अभ्यास करतांना असें दाखविलें कीं, जेथें दिवसाच्या व रात्रीच्या उष्णतेंत मोठें अंतर पडतें अशा कोरड्या प्रदेशांत मृत्यु अधिक झाले, आणि जेथें दिवसरात्र दमट हवा असते तेथें कमी. दिवसा तापलेला आणि रात्रीं गारठलेला आश्विन आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचा आहे. पांघरुणावांचून उघड्यावर निजणाऱ्या तापकऱ्याला तो किती महाग पडला असेल याची कल्पना त्या एका शालीनें मला दिली.

सकाळीं डोळे उघडले तों सृष्टीच बदललेली. खडगपुराच्या पुढें जिकडेतिकडे भाताचीं खाचरें, तळीं, केळीचे आणि नारळाचे झुबके. हवेंत ओलावा असा कीं चष्म्याची कांच पुसावी तरी पुन्हां धूसर. हावड्यास उतरलों तेव्हां दुपार झाली होती. कोजागिरी तेथेंच झाली. आपण त्या रात्रीं दूध आटवितों. बंगाल्यांत घरोघर लक्ष्मीची पूजा असते, दारापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठानें लक्ष्मीचीं पावलें काढतात. रात्र दिवसासारखीच उबदार होती. शाल पेटींतच राहिली.

बंगाल्यांतील मृत्यु कमी होण्याचें आणखी एक कारण अलीकडच्या अभ्यासकांनीं जिल्हावार नोंदी तपासून दिलें आहे. मुंबईहून निघालेली ती लाट पूर्वेकडे सरकतां सरकतां मंदावत गेली, पसरट होत गेली, आणि तिचा मारकपणाहि ओसरत गेला. म्हणजे पूर आला तो उगमापाशीं उभा, आणि दूरच्या गांवीं पोंचेपर्यंत पायापुरता. तरी हजारीं दहा म्हणजे साडेचार कोटींच्या बंगाल्यांत चार लाखांवर माणसें होतात, हें विसरतां कामा नये. आणि हवेनें दिलेलें तें अभय कायमचेंहि नव्हतें. पंचवीस वर्षांनीं, १९४३ सालच्या दुष्काळांत, याच हिरव्या मुलखांत तीस लाखांच्या आसपास माणसें भुकेनें व तिच्या मागून आलेल्या रोगांनीं मेलीं. तेव्हां हवा दमटच होती.

माझें कोडें सुटल्यासारखें मला वाटत होतें. पाऊस, थंडीवारा आणि लाटेचा वेग, सारा निसर्गाचा खेळ. यमाचा त्यांत दोष नाहीं, माणसाचाहि नाहीं. हुगळी नदींतून नावेनें बाबूघाटाकडे जातांना मीं हें पुतण्याला मोठ्या समाधानानें सांगितलें. तो जहाजावरचा माणूस, तो म्हणाला, “काका, मग सामोआचें काय?”

पॅसिफिक महासागरांत सामोआ नांवाचीं बेटें आहेत. पूर्वेकडचीं बेटें अमेरिकेच्या ताब्यांत, पश्चिमेकडचीं तेव्हां न्यूझीलंडच्या. मध्यें साठसत्तर किलोमीटर पाणी. लोक एक, भाषा एक, हवा एक. ७ नोव्हेंबर १९१८ रोजीं न्यूझीलंडहून आलेलें ‘टालून’ जहाज पश्चिम सामोआंतील आपिया बंदरास लागलें. त्यावर तापकरी होते, तरी उतारूंना उतरूं दिलें. थोड्याच आठवड्यांत त्या बेटांवरील साडेआठ हजार माणसें, म्हणजे पांचांतला एकाहून अधिक, मेलीं. पूर्वेकडच्या बेटांवरील अमेरिकन गव्हर्नर पोयर यानें बाहेरचीं जहाजें व होड्या कडकपणें अडविल्या. तेथें या तापानें एकहि माणूस गेला नाहीं. २००२ सालीं न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनीं सामोआंत जाऊन आपल्या राजवटीच्या चुकांबद्दल क्षमा मागितली.

नाव धक्क्याला लागली तरी मी बसूनच होतों. दोन बेटांवर एकच वारा वाहत होता. फरक पडला तो दार लावणाऱ्या हातांत. मग आपल्या नकाशावरहि माणसाचा हात कोठें उमटला आहे काय, हें पाहिल्यावांचून मला उठतां येत नव्हतें.

परतीच्या प्रवासांत सौभाग्यवतींनीं माझी वही वाचावयास घेतली. एका पानाशीं त्या थांबल्या. “अहो, हें पान तुम्हीं मला वाचून दाखविलें नाहींत.” खरी गोष्ट होती. तें पान मुंबईचें होतें. १९१८ सालीं मुंबई शहरांत या तापानें जे मृत्यु झाले त्यांची जातधर्मवार दर हजारीं गणती केलेली आहे. युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, सवर्ण हिंदू १८.९, आणि त्या गणतींत ज्यांना ‘हलक्या जातीचे हिंदू’ म्हटलें आहे ते ६१.६. आपल्याहून तिपटीपेक्षां अधिक, आणि साहेबाच्या सातपट. हे आंकडे मीं उतरून घेतले होते. परंतु जातां-येतां त्या पानावरून माझा हात अलगद पुढें सरकत होता. दख्खनची थंडी आणि बंगालची ऊब यांवर बोलणें सोपें असतें.

“मुंबईंत तर सगळ्यांना एकच हवा,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानें म्हणाल्या, “आणि बायकांचा रकाना कोठें आहे? तुमच्या या नकाशांत स्वयंपाकघर दिसत नाहीं.”

स्वयंपाकघराची नोंदहि उपलब्ध आहे. या साथींत पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक गेल्या, विशेषेंकरून वीस ते चाळीस वर्षांच्या. गरोदर स्त्रियांवर तर या तापानें सर्वांत क्रूर घाला घातला. कारण शोधावयास लांब जावें लागत नाहीं. रोगाचा विषाणू ओळखला गेला तो १९३३ सालीं. पेनिसिलिन सामान्य रोग्याच्या हातीं आलें तें १९४० नंतर. १९१८ मध्यें या तापावर औषध असें नव्हतेंच. होती ती फक्त शुश्रूषा: निजून राहण्यास जागा, अंगावर पांघरूण, वेळच्या वेळीं घोटभर पाणी, वाटीभर पेज, आणि ती तोंडाशीं धरणारा हात. ज्याला हें मिळालें त्यांतले बरेच जगले. ज्याला एकाच खोलींत दहाजणांत निजावें लागलें, ताप अंगावर काढून कामास जावें लागलें, आणि जिला इतरांच्या तोंडाशीं पेज धरून स्वतः शेवटीं जेवावें लागलें, तीं माणसें गेलीं. मुंबईचे आंकडे आणि स्वयंपाकघराचे आंकडे मला एकच गोष्ट सांगूं लागले. शुश्रूषा कोणाला मिळाली आणि कोणाला मिळाली नाहीं, त्याचाच तो नकाशा होता.

आमच्या घराला ही गोष्ट ठाऊक नव्हती असें नाहीं. माझी आजी ही आजोबांची दुसरी पत्नी. पहिली मानमोडींत गेली, एकोणिसाव्या वर्षीं. वाड्यांत नऊ माणसें अंथरुणाला खिळलेलीं आणि उभी ती एकटी. नवांतले नऊहि वांचले. दहाव्या दिवशीं ती पडली, आणि चार दिवसांत गेली. “आमच्या वाड्यांतून मानमोडीनें एकच बळी घेतला,” असें वडील सांगत, आणि त्या सांगण्यांत कोठेंतरी घराण्याच्या पुण्याईचा सूर असे. श्राद्धाच्या यादींत वडिलांच्या अक्षरांत तिचें नांव आहे, तिथि आहे. दर अविधवा नवमीला तिच्या नांवानें सवाष्ण जेवते. आम्ही सारीं नातवंडें त्या मृत्यूमुळें या जगांत आलों, हा विचार मात्र मीं त्या गाडींत प्रथमच केला.

मुंबईपर्यंत न जातां आम्ही मनमाडास उतरलों आणि गाडी बदलून गांवीं गेलों. गांव प्रवरेच्या कांठीं आहे. आतां सगळीकडे उंसाचे मळे आणि पाटाचें पाणी. परंतु भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें तें १९२६ सालीं. १९१८ मध्यें हा सारा मुलूख आभाळाकडे तोंड करून बसलेला होता. वाड्याची एक बाजू ढांसळली आहे. विहीर बुजविली आहे. मागीलदारीं उभें राहून मीं पाहिलें. तेथून तेव्हांचा महारवाडा, म्हणजे आजचें भीमनगर, दोनशें पावलांवर आहे. अंतर मीं आयुष्यांत प्रथमच मोजलें.

तेथें एक वृद्ध गृहस्थ राहतात. वय ऐशीच्या पुढें. टपालखात्यांतून निवृत्त झालेले, माझ्या वडिलांच्या हातचे शिकलेले. त्यांनीं बाज टाकली, चहा आला. मीं मानमोडीची गोष्ट काढली. ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, तुमच्या घरच्या त्या माउलीचं सरण माझ्या आजानं वाहिलं.”

मला हें ठाऊक नव्हतें. मृत्यूची वार्ता परगांवीं पोंचविणें आणि स्मशानांत लांकडें नेणें हीं कामें तेव्हां त्यांच्याच माथीं असत. नाहीं म्हणण्याची सोय नव्हती. ते सांगूं लागले. “गांवांत लांकूड संपलं होतं. ओढ्याकांठची बाभळ तोडून आणली त्यानं. दोन खेपा. अंगांत ताप होताच म्हणतात. घरीं आला तो पडला. तीन दिवसांत गेला. मग आजी, मग दोन चुलते. सात माणसांचं घर, राहिलीं दोन. माझा बाप, चार वर्षांचा, आणि त्याची आत्या.”

“त्यांचें सरण कोणीं वाहिलें, बाबा?”

“वाहायला उभं होतं कोण? आत्यानं आणि शेजारच्या एका पोरानं मिळून पुरलं. तिथि नाहीं, कांहीं नाहीं. नोंद झाली कीं नाहीं देव जाणे. नोंद सांगायला जाणारं माणूसच ते होते.”

सरकारी अहवालांतहि हेंच आहे. गांवोगांवचे नोंदी करणारे स्वतःच आजारी पडले. जे मृत्यु नोंदले गेले तेहि बहुतेक नुसत्या ‘ताप’ या सदराखालीं. म्हणून तर एक कोटि वीस लाख आणि एक कोटि ऐशी लाख यांत साठ लाख माणसांचा फरक पडतो. त्या साठ लाखांत कोणाचीं घरें असतील, हें त्या बाजेवर बसून मला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

आमच्या वाड्यांतून ताप त्यांच्या घरीं गेला असें मी म्हणूं शकत नाहीं; सारा गांवच तापांत होता. परंतु एक गोष्ट मला दिसली ती आतां न दिसल्यासारखी करतां येत नाहीं. आमच्या घरचीं नऊ माणसें आजारी पडल्यावर पडून राहूं शकलीं. आमच्या घरच्या दहाव्या माणसाला, ती सून होती म्हणून, पडतां आलें नाहीं. आणि तिचें सरण वाहणाऱ्याला, तो महार होता म्हणून, पडतां आलें नाहीं. “वाड्यांतून एकच बळी” हें वाक्य त्या दिवसापासून माझ्या तोंडीं येत नाहीं.

निघतांना मीं त्यांच्या आजोबांचें नांव विचारलें आणि वहींत लिहून घेतलें. तें येथें छापण्याचा अधिकार माझा नाहीं. पितृतर्पणाच्या शेवटीं, जे आपले बांधव नव्हेत त्यांच्या नांवेंहि पाणी सोडण्याचा प्रघात आहे. चाळीस वर्षें मी तें पाणी सोडीत आलों, परंतु तें कोणासाठीं याचा विचार केला नव्हता. मीं भीत भीत हें बोलून दाखविलें. त्यांचें घराणें १९५६ पासून बौद्ध आहे. ते हंसून म्हणाले, “गुरुजी, पाणी तुमच्या समाधानासाठीं सोडा. आमच्यासाठीं नांव लिहिलंत, तेवढं पुरे.”

घरीं आल्यावर नातवाला बोलाविलें. तो आतां उंच झाला आहे. मिसरूड फुटूं पाहत आहे. मीं त्याला सांगितलें, “तुझ्या प्रश्नाचें उत्तर तेव्हां मीं अर्धेंच दिलें होतें. वारा सगळ्यांवरून सारखा गेला. परंतु त्याच्या वाटेंत कोणाकडे धान्य होतें, कोणाकडे नव्हतें. कोणाला निजतां आलें, कोणाला उभेंच राहावें लागलें. नकाशाचे रंग त्यानें झाले.” तो म्हणाला, “मग यमाला समवर्ती कां म्हणायचें?” मीं म्हटलें, “त्याच्या दारांत सगळे सारखे, म्हणून. दारापर्यंतची वाट मात्र त्यानें बांधलेली नाहीं.”

वाचकांपाशीं एक मागणें आहे. तुमच्या घरांतहि श्राद्धाची एखादी जुनी यादी असेल, १९१८ च्या आश्विन-कार्तिकांतील एखादी तिथि असेल. घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसाला जवळ बसवून त्या वर्षाची हकीकत विचारा. कोण गेलें, हें ते सांगतीलच. त्याबरोबर हेंहि विचारा कीं, तेव्हां पाणी कोण भरीत होतें, भांडीं कोण घांशीत होतें, सरण कोणीं वाहिलें, आणि त्यांचें पुढें काय झालें. जें सांपडेल तें लिहून ठेवा. पुढची साथ येईल तेव्हां आपल्या घरांत शेवटीं कोण जेवतें आणि आपल्या दारीं ताप अंगावर काढून कोण येतें, एवढें जरी त्या लिहिण्यामुळें वेळेवर दिसलें, तरी नकाशावरचा एखादा ठिपका फिका होईल.